तिघांचे श्वास

ओट्यावरचं झाकण खणकन पडलं, तेव्हा कुठे हेमांगीला उजाडल्याचं जाणवलं. खिडकीबाहेर देवदारांचं रान होतं आणि त्यातून वर निघालेला मोजणीचा मनोरा. रानाने हवेतला कार्बन डायऑक्साइड किती घेतला, किती सोडला, हे तो रोज सांगे. मनोऱ्याजवळच्या या मोजणी केंद्रात राहणाऱ्या माणसांचे श्वास तेवढे हेमांगी त्यातून वजा करी. घेण्यापेक्षा जास्त सोडणारं रान तोडून टाकायचं, असा आता कायदाच होता.

फोनवर मुख्य कार्यालयातले दाबकेसर जपून बोलत होते. "हेमांगी, तू अजून तिघांचे श्वास वजा करतेयस. श्रीरंगला जाऊन दोन महिने झाले गं."

"हो सर. राहूनच गेलं."

संगणकावर नवऱ्याच्या नावापुढची खूण तिने पुसली. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. इतके दिवस श्रीरंगचा म्हणून वजा झालेला वायू रानाचाच होता. नवा आकडा सांगत होता: रान घेत नव्हतं, सोडत होतं.

"पाठव तो आकडा," सर हळूच म्हणाले.

मांडीवर बसलेली सहा वर्षांची रेवा कधीपासून पडद्याकडे बघत होती. "आता झाडं तोडणार?"

"हो, बाळा."

"आणि बाबा अजून श्वास घेतात, असंच आपण सांगितलं तर?"