मिठाचा अंदाज

सॉसेजच्या कारखान्यात तिला सगळे मीठमावशी म्हणत. डुकराच्या कच्च्या खिम्याची चिमूट जिभेवर ठेवून ती मीठ किती कमी ते सांगायची, आणि अठरा वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता. "मावशी, जिभेचा विमा उतरवून ठेवा," असं पॅकिंगच्या बायका म्हणायच्या. घरी मात्र तिने मांसाचा तुकडाही कधी आणला नाही. सहा वर्षांच्या लेकीला ती बाहेरचं पाणीसुद्धा पिऊ देत नसे.

लेकीला तिसऱ्यांदा फिट आली, तेव्हा डॉक्टरांनी मेंदूच्या स्कॅनवरचे चार पांढरे ठिपके दाखवले. मीठमावशी मांडीवरच्या पोरीला बिस्किट भरवत होती.

"डुकराच्या मांसातून माणसाला एक जंत होतो, त्याच्या अळ्या आहेत या," डॉक्टर म्हणाले.

"कसं शक्य आहे? हिने मांस कधी तोंडात घातलेलं नाही."

"हिने नसेल खाल्लं. पण असं कच्चं मांस ज्याच्या पोटात जातं, त्याच्या आतड्यात जंत वाढतो. त्याला स्वतःला फारसं काही जाणवत नाही. संडासहून आल्यावर हात नीट धुतले नाहीत, की जंताची अंडी त्याच्या नखांतून दुसऱ्याच्या घासात जातात."

"म्हणूनच मी हिला कुणाच्या हातचं खाऊ देत नाही, डॉक्टर."

"बरं. मग घरी स्वयंपाक कोण करतं?"



मीठमावशीने लेकीच्या ओठांपर्यंत नेलेला बिस्किटाचा तुकडा तसाच मागे घेतला.