अंतरपाटाचा फोटो

समाधानच्या हातातला नवा कॅमेरा बंद पडला, तेव्हा भटजी अंतरपाट धरायला दोन माणसं शोधत होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तापल्याची लाल खूण दोनदा लुकलुकली आणि मग सगळं काळं झालं.

"तापला," समाधान पुटपुटला. शेजारी लाइटची काठी धरून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, दिपमालालाच काय ते ऐकू गेलं.

तापणार नाही तर काय होणार? धुळ्याजवळचं खेडं, मे महिना, आणि साडेबाराचं लग्न दोनवर गेलेलं. नवरदेवाचे मित्र दीड तास बँडपुढे नाचले, ते सगळं समाधानने भर उन्हात त्याच कॅमेऱ्यावर शूट केलं होतं. दिपमाला तेव्हाही लाइट धरूनच होती. मधेच त्याने चारचौघांत तिला ऐकवलं होतं, "वर धर ना. झोपली का?"

दिवाळीपासून घरात या मिररलेसचं कौतुक चाललं होतं. ह्यात आरसाच नाही, आवाज नाही, माणूस हलला तरी त्याचा डोळा बरोबर हुडकून धरतो. पिंप्राळ्यातल्या आपल्या स्टुडिओत येईल त्याच्या हातात समाधान तो कॅमेरा द्यायचा, फक्त बायकोच्या नाही. तिच्या गळ्यात जुना डीएसएलआर, शिकाऊ माणसाने घ्यावा तसला, कडा घासून पांढऱ्या पडलेला. नवरीच्या खोलीत पुरुषाला जाता येत नाही, म्हणून हळद, मेंदी, बांगड्या एवढे फोटो तिचे. मांडवात आलं की लाइट. पाच वर्षांत अंतरपाटाचा एकही फोटो तिच्या वाट्याला आला नव्हता, आणि दर लग्नात ते तिला सलायचं.

नवरीचे वडील हिलालआबा गर्दीतून वाट काढत आले. "समाधानभाऊ, बठ्ठं येवाले जोयजे. मनी एकच पोर शे."

"सगळं येईल ना आबा. काळजी करू नका," समाधान हसत म्हणाला. आबांची पाठ वळताच त्याने गळ्यातलं उपरणं काढून कॅमेरा त्यात गुंडाळला आणि तो मठ्ठ्याच्या पिंपाकडे निघाला. पिंपाशेजारी बर्फाची लादी होती.

"अहो, बर्फावर नका ठेवू. ओल धरेल."

"तू लाइट सांभाळ."

मंगलाष्टकं सुरू झाली. एक झालं, दुसरं झालं. दिपमालाची नजर एकदा अंतरपाटाकडे, एकदा पिंपाकडे. तिने एका हाताने डीएसएलआर चालू करून पाहिला. सकाळच्या हळदीने कार्ड भरत आलेलं, जागा फक्त अकरा फोटोंची. दुसरं कार्ड गाडीत, आणि गाडी पार शाळेपाशी.

चौथ्याला समाधान धावत आला. "चालू झाला," तो म्हणाला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला. काचेवर पांढरंफट्ट धुकं धरलं होतं. त्याने शर्टाने पुसलं, ते पुन्हा धरलं. पुन्हा पुसलं, पुन्हा धरलं. मांडवात एवढी माणसं, एवढा दमट उकाडा, आणि काच बर्फासारखी गार. ती कशाला ऐकते?

"तो दे," त्याने दिपमालाच्या गळ्यातल्या पट्ट्याला हात घातला.

तिने पट्टा धरून ठेवला.

"दिपा, दे म्हणतो ना."

"ह्याचा फोकस अडतो. तुम्हाला नाही जमायचा आता."

"मला शिकवते?" त्याने पट्टा ओढला. तिची मान पुढे हिसकली. वऱ्हाडातल्या दोन बाया वळून बघायला लागल्या. दिपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हात काही सुटला नाही. दुसऱ्या हातातली लाइटची काठी तिने खाली टाकली.

"सोडा," ती म्हणाली. "शेवटचं चालू आहे."

खरंच शेवटचं चालू होतं. लोकांनी अक्षतांच्या मुठी उचलल्या. समाधानने पट्टा सोडला.

ती स्टेजच्या कडेला एक गुडघा टेकून बसली. पहिला फोटो वाया गेला. फोकस मागच्या फुलांवर जाऊन बसला होता. तिने अंगठ्याने लेन्सची रिंग थोडी मागे फिरवली, हळदीच्या वेळी दहादा फिरवली होती तशी. भटजींचा आवाज चढला, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या.

खट्. खट्.

नवरीची, पुनमची मान अजून खाली होती. पण तो आवाज तिने सकाळभर ऐकला होता. हळद लावताना, बांगड्या भरताना, आईच्या गळ्यात पडून रडताना. तिने आवाजाच्या दिशेला मान वर केली, दिपमालाला बघितलं आणि ओल्या डोळ्यांनी हसली.

खट्.

हा मिळाला. आता हार पडायचे होते, आणि सातच फोटो उरले होते. नवरदेवाचं तोंड फेट्याच्या सावलीत काळं दिसत होतं.

"लाइट," ती म्हणाली. डोळा कॅमेऱ्यालाच.

मागे समाधानने नवा कॅमेरा खांद्याला अडकवला आणि खाली पडलेली काठी उचलली. हाताला सवय नव्हती. उजेड नवरदेवावरून घसरला आणि मामाच्या टोपीवर जाऊन थांबला.

"वर धरा ना, अहो," दिपमाला म्हणाली. "झोपले का?"

उजेड वर आला.