आधीच उघडलेली दारं
"आजचं हे पाचवं लॉक, आणि पाचव्यांदा दार आधीच उघडं!" कालव्यात होडी वर चढवणाऱ्या त्या दोन दारांच्या हौदाकडे बघत ग्लेनिस म्हणाली. "पाणीसुद्धा आपल्या पातळीला उतरवून ठेवलंय. कोण करतंय हे?" सुकाणूवरचा तिचा नवरा डेरेक हसला, "फुकट मदत मिळतेय, तर गप चहा पी की." पण तिला राहवेना. होडी माणसाच्या चालीनेच चाललेली. कप ठेवून ती काठावर उतरली आणि झपाझप पुढे गेली. सहाव्या लॉकपाशी ऐंशीच्या घरातला एक माणूस पाठ लावून दाराचा लाकडी दांडा रेटत होता. शेजारी सायकल आडवी पडली होती. "अहो, तुम्ही कशाला एवढे कष्ट घेताय?" तो ओशाळला. "सकाळी तुमच्या होडीवरचं नाव वाचलं. ती आमची होती, बाई. कोळसा वाहायची. मी जन्मलोच तिच्यात. सायकल दामटत पुढे जायचं आणि दारं उघडून ठेवायची, हे माझं काम." "मग हाक मारायची ना! सुकाणू दिलं असतं तुमच्या हातात." "ते मी कधीच धरलं नाही. बाबा धरायचे, नाहीतर थोरला भाऊ. माझी पाळी यायच्या आत होडी विकली." होडी लॉकमध्ये शिरली, पाणी चढलं, ती काठाला लागली. ग्लेनिसने नवऱ्याला हाताला धरून खाली उतरवलं. म्हातारा चढला. दोन्ही हातांनी त्याने सुकाणू धरलं, पण नजर मात्र खाली, हातांवरच खिळलेली. "समोर बघा," ती म्हणाली, आणि पुढचं दार उघडायला चालू लागली.