आठवा गडी

"सातच आहात," नाचाची पावलं पुकारणारी अ‍ॅट्रॅक्टा मल्ग्रू ओरडली. "आठवा कोण?"

चर्चच्या तळघरातल्या या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी शिकागोची अर्धी आयरिश साउथ साइड नाचायला येते. पण आज बाहेर बर्फ थांबायला तयार नव्हता, आणि चार जोड्यांतल्या शेवटच्या जोडीत नोरा टूही एकटीच उभी होती. फेस्टसने अकॉर्डियन मांडीवर घेतला होता. फिडलवाली पोरगी गज उचलून थांबली होती.

सगळ्यांचे डोळे चहाच्या टेबलाकडे वळले. तिथे नोराचा थोरला भाऊ कोलमन मनुकांच्या पावाला लोणी लावत होता. लावून झालेल्याच तुकड्याला पुन्हा लावत होता.

गेले तीन आठवडे नोरा त्याच्याशी बोलत नव्हती. कोलमन राहतं घर विकून मुलीकडे, अ‍ॅरिझोनाला, कायमचा चालला होता. आणि ही बातमी नोराला खाटकाच्या दुकानात कळली होती.

"माझे गुडघे..." कोलमन म्हणाला.

"गुडघे सगळ्यांचेच गेलेत," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. "ऊठ."

तो उठला. रक्तदाब तपासायला नर्सपुढे करावा तसा नोराने हात त्याच्यापुढे केला, तोंड दुसरीकडे ठेवून.

फेस्टसने सूर धरला. पावलं फळ्यांवर वाजायला लागली.

"पुढे! मागे! आता गिरकी!"

गिरकी घेताना जोडीदाराच्या डोळ्यांत बघावं लागतं, नाहीतर भोवळ येते. हे दोघांना आईनेच शिकवलं होतं, स्वयंपाकघरात, खुर्च्या बाजूला सारून. नोराने त्याच्या टायकडे बघायचं ठरवलं होतं. पण हॉल गरगरायला लागला, तशी तिने मान वर केली.

"खाटकाने सांगितलं मला," ती म्हणाली. "हॅम तोलता तोलता."

"नोरा, मी तुला सांगणारच..."

"बायका मधे!" अ‍ॅट्रॅक्टाने हुकूम सोडला आणि नोरा त्याच्या हातून निसटली.

समोरच्या जोडीतल्या डॅन हॅनरॅटीने तिला झेललं. "तिकडे बर्फ नसतो, नोरा," तो हळूच म्हणाला.

"तू आपल्या पायांकडे बघ, डॅन."

तेवढ्यात पलीकडे डॅनच्या बायकोने, फिलोमिनाने, कोलमनला गाठलं होतं. "सख्ख्या बहिणीला सांगता येत नाही?" ती त्याच्या कानाशी म्हणाली आणि त्याला जरा जोरातच फिरवून परत गेली.

"केव्हा सांगणार होतास?" समोर येताच नोराने विचारलं. "विमानात बसल्यावर?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जाऊ नकोस."

"म्हणालेच असते!"

"आणि मग मी गेलो नसतो."

"बायका मधे!"

या खेपेला नोरा उलट्या दिशेला निघाली. या हॉलमध्ये तिचं पाऊल चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. डॅनने तिचे खांदे धरून तिला सरळ केलं आणि शहाण्यासारखं आपल्या पायांकडे बघितलं.

"काय म्हणाला गं?" बाजूने जाताना फिलोमिनाने विचारलं.

ती परत आली तेव्हा फेस्टसने चाल वाढवली होती. कोलमनने तिच्या कमरेत हात घातला. गिरकी सुरू झाली.

"इतके दुखतात गुडघे?"

"सकाळी जिना बसून उतरतो गं. एकेक पायरी. लहान पोरं उतरतात तसा."

हे तिला माहीत नव्हतं. चार गल्ल्या सोडून तर राहत होती ती.

"मग बस जा खाली! नाचतोस काय?"

"नाचताना दुखत नाहीत."

तिने पाऊल आखूड घेतलं. गिरकी ठोक्याच्या जराशी मागे पडली, तरी तिने ती पडू दिली.

"तिथे नाचायला कोण आहे तुला?" तिने विचारलं.

"कोणी नाही. निवडुंग आहेत."

"मग धरायचं कुठे ते बघून धर." आणि मग, एक गिरकी पुरी झाल्यावर, "जा तू. पण रोज फोन करायचा. आणि उद्या त्या खाटकाकडे स्वतः जायचं आणि सांगायचं, की नोराला सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं."

कोलमन मान मागे टाकून हसला. इतका, की त्याचा तोल गेला. नोराने दोन्ही हातांनी त्याचा कोट पकडला.

"नीट उभा राहा! मोडका भाऊ पाठवला तर तुझी पोरगी मला बोल लावेल."

अकॉर्डियन शेवटच्या ओळीवर आला. आठही जण धापा टाकत आपापल्या जागी पोचले. डॅनने घाम पुसला. फिलोमिनाने केसातली पिन सारखी केली. नोराचे हात मात्र अजून भावाच्या कोटावरच होते, आणि तिने कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं होतं.

फेस्टसने ते पाहिलं. शेवटचा सूर त्याने संपूच दिला नाही, तो वळवून थेट पहिल्या ओळीत नेला. फिडलवाली पोरगी दचकली आणि धावत त्याला जाऊन मिळाली.

"अरे, संपला हा फेर!" अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली.

"कुठे संपला?" फेस्टस म्हणाला.

"मेलो," असं म्हणत डॅनने बायकोचा हात धरला. अ‍ॅट्रॅक्टाने एकदा नोराकडे पाहिलं, घसा साफ केला आणि ओरडली, "पुढे!"

आठही जण पुढे गेले.