कोरडा पुठ्ठा

जुनी पिकअप माझ्या मित्राची. तो गेल्यावर वहिनी ती चालवू लागल्या, आणि गाडी तापायला लागली.

"भावजी, रोज पाणी भरते, रोज आटतं," माझ्या गॅरेजात गाडी लावत त्या म्हणाल्या.

"गळत असणार. पाणी काय पाय फुटून पळतं?" मी वैतागलो.

रेडिएटर काठोकाठ भरून रात्रभर त्याखाली पुठ्ठा अंथरून ठेवला. गळती कितीही चोरटी असली तरी पुठ्ठ्यावर डाग पडतोच. सकाळी पुठ्ठा ठणठणीत कोरडा आणि रेडिएटर रिकामा. पाइप तपासले, पंप तपासला. ऑइलमध्येही पाण्याचा थेंब नव्हता.

वहिनी आल्यावर त्यांच्यासमोरच पाणी ओतलं. आत गटागटा आवाज झाला. हवा अडकली असेल, असं मी म्हटलं. पण ओतायचं थांबलं की आवाज थांबायचा, आणि आतून कुणीतरी धापा टाकायचं.

वहिनींचा चेहरा उतरला. "अपघातानंतर ह्यांना याच गाडीतून दवाखान्यात नेलं. सारखे पाणी मागत होते. डॉक्टर फोनवर म्हणाले, थेंबही देऊ नका. मी नाही दिलं."

"उगाच मनाला लावून घेऊ नका. बसा आत, किल्ली फिरवा," म्हणत मी रेडिएटरच्या तोंडावर तळवा दाबून धरला. इंजिनातली हवा पाण्यात शिरत असेल, तर ती हाताला ढकलते.

वहिनींनी अजून दारही उघडलं नव्हतं.

माझ्या तळव्याला ओठ लागले. कोरडे, भेगाळलेले. आणि ते हलू लागले.