उबदार घर

सरपणाच्या मदतीसाठी अर्ज केला होता, म्हणून सरकारी बाई बर्फ तुडवत घराची पाहणी करायला येणार होत्या. देव पाहुण्याच्याच पायांनी घरी येतो, असं पाद्रीबाबा चर्चमध्ये गाऊन सांगत. पारास्किवाआजीनं सकाळीच चूल रसरशीत पेटवली.

बाईंनी कोट काढला, आलूबुखाराचा मुरंबा चाखला आणि कागदावर लिहिलं, ‘घर उबदार. मदतीची गरज नाही.’

“अगं बाई, हे तुझ्यासाठी पेटवलंय. एरवी मी दोन कांबळ्यांत बसून असते.”

“सगळे हेच सांगतात, आजी. मला दिसेल तेच लिहावं लागतं.” सही करून बाईंनी हसत विचारलं, “मग एवढं लाकूड आलं कुठून म्हणे?”

“माळ्यावरचं,” आजी ओशाळून म्हणाली. “माझ्या शवपेटीसाठी फळ्या ठेवल्या होत्या.”