ओल्या रंगाची काळजी

कुठला पेंटर आमच्या ह्यांच्या पसंतीला उतरणार! शेवटी घरच्याच गॅरेजमध्ये स्वतः गाडी रंगवायला घेतली. काचा, दिवे, टायर कागद-टेपने तान्ह्या बाळासारखे गुंडाळले. स्वतःच्या नाकाला मात्र साधा रुमाल नाही. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडकी लावली, शटर ओढलं.

"निदान मास्क तरी लावा," मी म्हटलं.

"तुला यातलं काय कळतं?"

थोड्या वेळाने आतून हाकेला ओ येईना. शटर उचललं, तर हे गाडीशेजारी आडवे. बखोटीला धरून अंगणात ओढलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडताच खेकसले, "शटर कुणी उघडलं? बसली ना धूळ रंगावर!"

 

"चुकलंच माझं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी रंग वाळल्यावरच उघडेन."